'लो' आणि 'हीरोज': वर्ष एकच, माणसं तीच, तरी अल्बम वेगळे

परवा रात्री गच्चीवर मित्राला इंग्लिश गायक डेव्हिड बोवीचा 'हीरोज' हा अल्बम लावून दिला तर म्हणतो, "काय बे, हाच तर मागच्या आठवड्यात ऐकवला होतास की." मागच्या आठवड्यातला होता 'लो'. पण त्याला काय बोलणार, वरवर बघितलं तर दोन्ही खरंच जुळे वाटतात. 'लो' जानेवारी १९७७ चा, 'हीरोज' त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा, दोन्हीत रेकॉर्डची पहिली बाजू गाण्यांची आणि दुसरी बहुतेक वाद्यांची, ड्रमवर डेनिस डेव्हिस, बासवर जॉर्ज मरे, गिटारला कार्लोस अलोमार, सिंथेसायझरवर ब्रायन ईनो. आणि हो, प्रोड्यूसर दोन्हीकडं बोवी आणि टोनी व्हिस्कॉन्टी आहेत, ईनो नाही, लय लोक इथं चुकतात.

दोन्हींना 'बर्लिनचे अल्बम' म्हणतात ते पण अर्धंच खरं. 'लो'चं बरंचसं काम फ्रान्समधल्या एका जुन्या हवेलीतल्या स्टुडिओत झालं आणि शेवटचं तेवढं बर्लिनला. 'हीरोज' मात्र सगळाच्या सगळा बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतला, पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणाऱ्या भिंतीच्या इतका जवळ की कंट्रोल रूमच्या खिडकीतनं पहारेकरी दिसायचे. मला विचाराल तर खरा फरक जागेचा आहे, आवाज तुमच्यापासनं किती लांबनं येतोय त्याचा.

'लो' अगदी कानाजवळ वाजतो. कोरडा, आखडलेला. गाणी दोन-तीन मिनिटांची, आता रंगात येतंय म्हणेपर्यंत आवाज बारीक होत संपूनच जातं. 'साउंड अँड व्हिजन'मध्ये तर निम्मं गाणं होत आलं तरी बोवी गायलाच येत नाही, आणि आल्यावरही खोलीत एकटाच बसल्यासारखा गातो. ड्रम तर विचारूच नका. व्हिस्कॉन्टीनं हार्मोनायझर नावाचं मशीन आणलेलं, त्यातनं स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमचा) ठोका काढला की तो पडतो आणि पडता पडता त्याचा सूर खाली घसरत जातो. आम्ही आमच्या शहराच्या पूर्व भागातले, बोळात अजून पॉवरलूम चालतात, धोट्याची खटखट लहानपणापासनं कानात बसलेली, म्हणून असेल पण मला हा ठोका पहिल्यांदा ऐकल्याबरोबर वाटलं की चालू मागाची लाइट गेली आणि शेवटचा ठोका तसाच जड होत बसला.

आता 'हीरोज'. त्यातलं टायटलचं गाणं घ्या, सहा मिनिटांच्या वर आहे. बोवीसमोर व्हिस्कॉन्टीनं तीन माईक लावले, एक ९ इंचांवर, दुसरा २० फुटांवर, तिसरा ५० फुटांवर, आणि लांबच्या दोघांना असं सेटिंग केलं की आवाज पुरेसा चढल्याशिवाय ते उघडायचेच नाहीत. म्हणून सुरुवातीला तो शेजारी बसून बोलल्यासारखा वाटतो आणि शेवटी अख्खा हॉल त्याच्या आवाजानं भरलेला असतो. ५० फूट म्हणजे किती ते बघायचं असेल तर बोळाच्या या तोंडाला उभं राहून त्या तोंडाच्या माणसाला हाक मारून बघा, मग कळतं तो एवढा ओरडून का गातोय. मागं जो गिटारचा लांबच लांब सूर आहे तो रॉबर्ट फ्रिपचा. अँपपासनं (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरपासनं) कुठं उभं राहिलं की कुठला सूर घुमतो ते शोधून त्यानं जमिनीवर टेपच्या खुणा केल्या होत्या, मग त्या खुणांवर उभं राहून वाजवलं. फ्रिप 'लो'मध्ये नाहीच, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा घोळ मिटतो.

दुसऱ्या बाजूंचंही तसंच, पण इथं मला 'लो' जास्त जवळचा. त्यातलं 'वॉर्झावा' कुठनं आलं माहितीय? व्हिस्कॉन्टीचा चार वर्षांचा पोरगा पियानोवर तेच तीन सूर परत परत दाबत बसला होता, ईनोनं ते ऐकलं आणि त्यावरच सगळं रचलं. बोवी त्यात जे गातो ते शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत, तरी ऐकताना घशात काहीतरी अडकतं. 'हीरोज'च्या त्या बाजूला 'मॉस गार्डन'मधला कोतो हे जपानी तंतुवाद्य छान आहे पण 'वॉर्झावा'च्या तोडीचं मला काही सापडलं नाही.

शेवट मात्र 'हीरोज'चा भारी. 'लो' 'सबटेरेनियन्स'वर संपतो, अंधारातच. 'हीरोज'मध्ये 'नॉयकोल्न'चा सॅक्सोफोन किंचाळून गप्प होतो आणि लगेच शेवटचं गाणं येतं, टाळ्या, बास गिटार, नाचायचंच गाणं. कित्येकांना ते तिथं खटकतं, मला नाही खटकत, त्या किंकाळीनंतर मला ते पाहिजेच असतं. मित्राला आता दोन्ही अल्बमचं फक्त शेवटचं गाणं पाठोपाठ लावून देणार आहे, अगोदर 'लो'चं.