टेकची टेप: शिधा कोणता, वाढलेलं ताट कोणतं

१९८० च्या दशकात एखाद्या विद्यापीठाला गणिताची अक्षरजुळणी करणारा टेक (TeX) हा संगणक प्रोग्राम हवा असेल, तर स्टॅनफर्डला मागणीपत्र धाडावं लागे. मग टपालानं टेप येई: अर्धा इंच रुंद, नऊ ट्रॅकची, १६०० बीपीआयची, म्हणजे दर इंचाला १६०० बाइट मावणारी चुंबकीय टेप. २४०० फुटांचं रीळ असेल तर त्यावर कागदी हिशेबानं साडेचार कोटींच्या वर बाइट मावत, मधल्या मोकळ्या जागा धरल्या की बरेच कमी. प्रोग्रामला किंमत नव्हती. पैसे पडत ते टेपचे, नकल करण्याचे आणि टपालाचे.

मागणी करताना एक गोष्ट मात्र ठरवावी लागे. जेनेरिक टेप हवी, की आपल्या मशीनसाठी बनवलेली खास टेप? त्या काळाबद्दल वाचणारे इथेच हमखास फसतात. जेनेरिक म्हणजे सर्वसाधारण, म्हणजे कुठेही चालणारी, असं वाटतं. प्रत्यक्षात जेनेरिक टेप आली तशी कुठल्याच मशीनवर चालत नसे. ती शिधा होती. खास टेप म्हणजे वाढलेलं ताट.

शिधा देणं मुळात शक्य का झालं, ते आधी पाहू. स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये टेकचा आराखडा केला. पहिलं टेक सेल नावाच्या भाषेत होतं आणि ती भाषा पीडीपी-१० जातीच्या मशीनबाहेर फारशी कुठे नव्हती. इतर संस्थांना ते हवं झालं तेव्हा क्नूथ यांनी सगळं नव्यानं लिहिलं. हे १९८२ चं टेक. ते वेब नावाच्या पद्धतीत आहे (आजच्या इंटरनेटच्या वेबशी तिचा संबंध नाही). एकाच फाइलमध्ये पास्कल भाषेतला प्रोग्राम आणि त्याचं सविस्तर स्पष्टीकरण एकत्र गुंफलेलं असतं. टँगल हा प्रोग्राम त्यातून कंपायलरला (म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला) लागणारं पास्कल काढतो, वीव्ह माणसाला वाचायची प्रत काढतो.

आता जेनेरिक टेप हातात आली आहे असं समजा. आतल्या फाइली नुसता मजकूर आहेत, आस्कीत किंवा आयबीएमवाल्यांसाठी एब्सिडिकमध्ये (अक्षरांना अंक देण्याच्या या दोन पद्धती). टेक हवं तर टँगल लागणार, पण टँगलसुद्धा वेबमध्येच लिहिलेलं. आधी कोंबडी की आधी अंडं! म्हणून टेपवर टँगलचं आधीच काढून ठेवलेलं पास्कलही असे. ते आपल्या कंपायलरमधून काढायचं आणि मग पुढे सरकायचं.

खरी मेहनत इथून पुढे. प्रत्येक पास्कल कंपायलरची तऱ्हा वेगळी. ‘यांपैकी काहीच नसेल तर’ ही साधी शाखासुद्धा प्रमाण पास्कलमध्ये नव्हती, प्रत्येकानं आपापली सोय केलेली. फाइल उघडायची रीतही जागोजागी निराळी. पण क्नूथ यांची मूळ फाइल तर बदलायची नाही. त्यासाठी चेंज फाइल असते. @एक्स नंतर मूळच्या ओळी जशाच्या तशा उतरवायच्या, @वाय नंतर आपल्या ओळी, शेवटी @झेड. मूळच्या ओळीत एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी टँगल तक्रार करतो. कुठे हात घालावा लागेल याची यादी क्नूथ यांनी प्रोग्रामच्या सूचीतच ‘सिस्टिम डिपेंडन्सीज’ या नोंदीखाली दिली आहे. आजच्या आवृत्तीत प्रोग्रामचं कलम १३७९ तर मुद्दाम रिकामं आहे: तुमच्या संस्थेला जी भर घालायची ती इथे घाला, म्हणजे बाकी कलमांचे क्रमांक हलणार नाहीत आणि जगभरच्या प्रती प्रोग्रामच्या छापील पुस्तकाशी जुळतील. दूरच्या, कधी न भेटणाऱ्या माणसासाठी इतकी जागा राखून ठेवलेली मला दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये दिसलेली नाही. हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

टेक कंपाइल झालं तरी संपत नाही. इनिटेक हे टेकचं तयारीचं रूप चालवून त्याला प्लेन टेकचे मॅक्रो (मूलभूत आज्ञांचा संच) आणि शब्द तोडण्याचे नियम वाचायला लावायचे, त्यांची फॉरमॅट फाइल करून ठेवायची. मग ट्रिप ही चाचणी, मुद्दाम विचित्र लिहिलेली एक फाइल. आपल्या टेकनं दिलेला निकाल नमुन्याशी पडताळायचा. चाचणीत जो उतरत नाही, त्यानं स्वतःला टेक म्हणवायचं नाही.

खास टेपचं सांगायला फार नाही, कारण हे सगळं कुणीतरी आधीच निस्तरलेलं असे. डेक-२०, व्हॅक्स व्हीएमएस, आयबीएमच्या व्हीएम/सीएमएस आणि एमव्हीएस अशा प्रणालींसाठी त्या त्या मशीनच्या स्वतःच्या साठवणुकीच्या पद्धतीत टेपा मिळत. युनिक्सची टेप वॉशिंग्टन विद्यापीठातून जाई. चेंज फाइल लिहिलेली, प्रोग्राम तयार, टेप चढवली की काम सुरू. फक्त मशीन तीच हवी, प्रणाली तीच हवी. फॉन्टच्या फाइली कुठे शोधायच्या ती जागासुद्धा बहुधा प्रोग्रामातच कोरलेली. ती बदलायची म्हणजे पुन्हा कंपायलर आलाच.

दोन्ही टेपांना एक अडचण सारखीच होती. टेक थेट छापत नाही, डीव्हीआय फाइल देतं, म्हणजे कुठल्याही एका प्रिंटरशी न बांधलेली पानांची मांडणी. ती आपल्या प्रिंटरला समजेल अशी करणारा ड्रायव्हर आणि त्याच प्रिंटरच्या रिझोल्यूशनचे फॉन्ट प्रत्येक संस्थेला वेगळे गाठावे लागत. २०० डीपीआयचे (दर इंचाला २०० ठिपक्यांचे) फॉन्ट ३०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर काही कामाचे नाहीत.

आणि ओळी? शिध्यातून केलेलं टेक असो वा आयतं, परिच्छेद एकाच जागी तुटतो. टेक लांबी पूर्णांकांत मोजतं, एका पॉइंटचे ६५५३६ भाग करून. त्यामुळे मशीन बदललं म्हणून ओळ इकडची तिकडे होत नाही.

शिधा उतरवून घेण्याची वेळ देवनागरीवरही आली. फ्रान्स वेल्टहुइस यांनी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरी केली. अक्षरं मेटाफॉन्ट या क्नूथ यांच्याच फॉन्ट बनवणाऱ्या प्रोग्रामच्या मूळ रूपात, आणि रोमन लिप्यंतर वाचणारा देवनाग हा प्रोग्राम सी भाषेत. अक्षरं आपल्या प्रिंटरसाठी आपणच काढायची, प्रोग्राम आपणच कंपाइल करायचा. पुढच्या आवृत्त्यांत मुंबई वळणाची अक्षरंही आली.

आज आपण टेक लाइव्ह हा टेकचा तयार संच एकदाच चढवतो आणि ‘लाटेक टाकलं’ म्हणतो (लाटेक म्हणजे टेकवर उभारलेला आज्ञांचा संच). ते वाढलेलं ताट आहे. त्याचा सोर्स उतरवून पाहिला तर वेब-टू-सीच्या (वेबमधला प्रोग्राम सी भाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या) फोल्डरमध्ये क्नूथ यांची मूळ फाइल आहे, शेजारी तिची चेंज फाइल आहे, आणि टँगलबूट नावाची एक फाइल आहे: टँगलचं आधीच काढून ठेवलेलं पास्कल.