गुडघेदुखीच्या पेशंटला डिप्रेशन का येतं

"एक्स-रेत तर फारसं काही नाहीये, मग एवढं कसं दुखतं तुम्हाला?" हे वाक्य गुडघेदुखीच्या कितीतरी पेशंटनी ऐकलेलं असतं. मला त्याचा मनापासून राग येतो कारण ते शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये, म्हणजे सांध्यातली कूर्चा झिजते त्या आजारात, एक्स-रेची ग्रेड (1957 पासून चालत आलेली 0 ते 4 ची केलग्रेन-लॉरेन्स ग्रेड, 4 म्हणजे सगळ्यात जास्त झीज) आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ बऱ्याचदा बसतच नाही. कुणी ग्रेड 4 घेऊन बाजारहाट करून येतं आणि कुणाला ग्रेड 2 असताना जिना चढताना रडू फुटतं, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

भारतात 1990 साली या आजाराचे अंदाजे 2.3 कोटी लोक होते, 2019 ला 6.2 कोटी. आणि 2016 मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशोबात अशा पेशंटपैकी साधारण पाचातल्या एकाला डिप्रेशनची लक्षणं सापडली. धोका कोणाला जास्त? ज्यांचं दुखणं जास्त, एकापेक्षा जास्त सांधे धरलेत, सोबत डायबिटीस किंवा हार्टचा त्रास आहे, वजन वाढलंय, झोप होत नाही, घरात बोलायला कोणी नाही किंवा पूर्वी कधी डिप्रेशन येऊन गेलंय त्यांना. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त.

पण ही कारणं सुटी सुटी नसतात. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये काही वर्षं पेशंटचा पाठपुरावा करून 2011 मध्ये एक अभ्यास आला, त्यात साखळी दिसली: आज दुखणं जास्त, की पुढे थकवा वाढतो आणि हालचाल कमी होते, आणि त्यातून मन खचतं. आपल्याकडे हे कसं घडतं बघा. एखाद्या बाईचं भजनी मंडळ सतरंजीवर बसतं, गुडघे मांडी घालू देत नाहीत, खुर्ची मागायची लाज वाटते, मग "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी" सुरू होतं. नंतर लग्नं सुटतात, कारण तिथे कमोड असेल की नाही माहीत नसतं. वर्षभरात ती बाई घराबाहेर पडायची थांबते आणि घरचे म्हणतात वय झालं आता.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. गुडघ्याकडून निघालेला वेदनेचा सिग्नल मेंदूत जसाच्या तसा पोचत नाही, पाठीच्या कण्यात त्याला अडवायची सोय असते आणि ती मेंदूच चालवतो. कालव्याचं दार किती उघडायचं हे पाटकरी ठरवतो ना, तसं. हा हुकूम मध्यमेंदूतल्या पेरिअॅक्वेडक्टल ग्रे नावाच्या भागातून निघतो, खाली मेडुलात (मेंदू जिथे कण्याला जोडला जातो त्या भागात) येतो आणि तिथून कण्यात उतरतो. मेडुलात दोन जातीच्या पेशी आहेत, हॉवर्ड फील्ड्स यांच्या गटाने 1980 च्या दशकात दाखवलेल्या 'ऑन' आणि 'ऑफ' पेशी. उंदराच्या शेपटीला चटका बसला की ती झटकायच्या क्षणभर आधी ऑफ पेशी गप्प होतात आणि ऑन पेशी धडाधड पेटतात, म्हणजे ऑन वेदना वाढवतात आणि ऑफ दाबतात. या सगळ्या उतरत्या रस्त्यावर नॉरअॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन ही रसायनं काम करतात, आणि डिप्रेशनची बरीच औषधं ज्यांच्यावर काम करतात ती हीच दोन! शिवाय पेरिअॅक्वेडक्टल ग्रेला वरून सूचना येतात त्या अमिग्डाला आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडून, म्हणजे भीती, काळजी, मूड जिथे हाताळला जातो तिथून. म्हणून मन खचलं की तेच गुडघे जास्त दुखतात, आणि झोप सारखी मोडत राहिली तर निरोगी माणसातही ही अडवणूक ढिली पडते.

ही अडवणूक कायमची बिघडते असंही नाही. एरवी शरीराला एका जागी दुखवलं की दुसऱ्या जागचं दुखणं कमी जाणवतं, पण स्वीडनमधल्या 2000 च्या अभ्यासात खुब्याच्या आर्थरायटिसच्या पेशंटमध्ये हे होतच नव्हतं, आणि ऑपरेशन होऊन दुखणं गेल्यावर ते परत व्हायला लागलं.

यातलं काहीही त्या टीव्हीवरच्या तेलाच्या जाहिरातीत नसतं. झिजलेली कूर्चा चोळून परत उगवत नाही आणि गुडघ्यांना साडेसातीही लागत नाही. असल्या गोष्टींवर लोकांचे पैसे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे महिने जातात, तेवढ्यात मांडीचे स्नायू आणखी बारीक होतात.

उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम दुखणंही कमी करतो आणि मूडलाही मदत करतो. ड्युलोक्सेटिन हे मुळात डिप्रेशनचं औषध, अमेरिकेत 2010 पासून स्नायू-सांध्यांच्या जुनाट दुखण्यालाही मान्य आहे (अर्थात डॉक्टरांना विचारूनच, मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही). आणि 2003 मध्ये अमेरिकेत आर्थरायटिस आणि डिप्रेशन दोन्ही असलेल्या 1001 वयस्क लोकांवर झालेला अभ्यास तर मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांतल्या काहींच्या डिप्रेशनवर नीट उपचार केले, सांध्यांसाठी वेगळं काही नाही, तरी वर्षभराने बाकीच्यांपेक्षा त्यांचं दुखणं कमी होतं आणि रोजची कामं जास्त जमत होती.

घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर आज दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतंय का? यांतल्या एकाचं जरी उत्तर "हो, बरेच दिवस" असं आलं तर पुढच्या व्हिजिटला ऑर्थोपेडिक डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा, किंवा सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.