तूबाची लायब्ररी: एकाच माणसाबद्दल कागदांचे दोन ढीग

पश्चिम आफ्रिकेतली हस्तलिखितं म्हटलं की सगळ्यांना आधी टिंबक्टू आठवतं, साहजिकच आहे, तिथले कागद पाचशे-सहाशे वर्षं जुने. पण सेनेगलमधल्या तूबाला जायचं असेल तर तो चष्मा काढून ठेवा, कारण हे गावच 1887 च्या आसपास वसलंय आणि तरी मुरीद या तिथल्या सूफी पंथाच्या लोकांसाठी ते पवित्र शहर आहे, इतकं की शहरात दारू नाही, सिगरेट नाही. मोठ्या मशिदीजवळ दाराय कामिल नावाची लायब्ररी आहे, तिथे कुराणाच्या प्रती आहेत आणि या गावाचा आणि पंथाचा संस्थापक शेख अमादू बांबा याचं लिखाण आहे. आता एवढ्या नव्या गावात हस्तलिखितांची लायब्ररी कशाला, तर त्याचं उत्तर बरंचसं फ्रेंच वसाहती सरकारला वाटलेल्या भीतीत आहे.

झालं असं की 1886 मध्ये सेनेगलमधल्या काजोर राज्याचा राजा लात जोर फ्रेंचांशी लढताना मारला गेला आणि जुनी राज्यं एकेक करून संपली. बांबाचे वडील याच लात जोरच्या दरबारी काझी होते, बांबा स्वतः मात्र दरबारापासून चार हात लांबच राहिला, शिकवायचं, लिहायचं, शिष्यांना शेतीला लावायचं एवढंच. पण राज्य गेल्यावर उघडे पडलेले लोक, त्यात जुने सैनिक पण आले, सगळे याच्याकडे वळायला लागले आणि सँ-लुई या तेव्हाच्या राजधानीत फ्रेंच गव्हर्नरच्या ऑफिसात धडकी भरली, की हा माणूस उद्या जिहाद पुकारणार. पुरावा म्हणाल तर जवळपास काही नाही, गुप्त रिपोर्ट आणि ऐकीव गोष्टी. 5 सप्टेंबर 1895 ला सँ-लुईला कौन्सिल बसली, त्याला समोर उभं केलं आणि गॅबनला हद्दपार करायचं ठरलं. त्याच ऑफिसात त्याने अधिकाऱ्यांसमोर दोन रकात (नमाजाची दोन आवर्तनं) नमाज पढला असं मुरीद सांगतात आणि त्याची आठवण म्हणून अजून दर 5 सप्टेंबरला लोक सँ-लुईला जमतात.

गॅबनमध्ये तो सात वर्षं होता, 1902 ला परत आला, पण फ्रेंचांना काही चैन पडेना, 1903 ला परत उचलून मॉरिटानियात टाकला, तिथून 1907 ला सोडला आणि 1912 पासून जुर्बेल गावात नजरकैद, ती 1927 ला मरेपर्यंत. म्हणजे स्वतः वसवलेल्या तूबात राहायला त्याला फारसं मिळालंच नाही, तिथे आला तो दफनासाठी.

आणि या सगळ्या काळात तो लिहीत होता. पैगंबरांची स्तुती, देवाचे आभार, फिकह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे नियम, सूफी साधना, बहुतेक सगळं अरबी पद्यात. या काव्यांना तिथे खसीदा म्हणतात. ‘मसालिक अल-जिनान’ हे त्याचं सूफी मार्गावरचं काव्य दीड हजार ओळींच्या वर आहे आणि त्याचा आधार मॉरिटानियातल्या अल-यदाली या जुन्या विद्वानाचा गद्य ग्रंथ आहे, म्हणजे वाळवंटातल्या जुन्या विद्येचा धागा तुटलेला नाही. काही खसीदांत तर अशी करामत केलीय की प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घेत खाली जा, कुराणातली आयत तयार होते. पहारा असताना, आजारपणात माणूस असलं काही जुळवत बसतो याचं मला तरी फार नवल वाटतं. एकूण लिखाण सात टन आहे असं भक्त लोक सांगतात, ते वजन कोणी केलं ते विचारू नये.

त्यामुळे मजा अशी आहे की एकाच माणसाबद्दल कागदांचे दोन ढीग तयार झाले. एक डाकारच्या सरकारी दप्तरात, आज किती लोक भेटायला आले, कोण काय बोललं, याच्या मनात काय आहे. दुसरा तूबात, त्यात बंडाचं अवाक्षर नाही. त्याचा जो एकच प्रसिद्ध फोटो आहे, 1913 चा, पांढरे कपडे, चेहरा अर्धा कापडात अर्धा सावलीत, तो छापला गेला पॉल मार्टी या फ्रेंच अधिकाऱ्याच्या 1917 च्या पुस्तकात. आता तोच फोटो बसवर, दुकानाच्या भिंतीवर, टॅक्सीच्या काचेवर सगळीकडे दिसतो. ज्यांनी नजर ठेवायला फाईल उघडली त्यांनीच लोकांना दर्शन दिलं म्हणायचं!

फ्रेंच पुढे नरम पडले त्यात भुईमुगाचा हात मोठा आहे, मुरीद शिष्यांच्या शेतांतून एवढं पीक निघायला लागलं की भांडण परवडणारं नव्हतं. बांबाच्या मृत्यूनंतर मुलगे एकामागून एक खलिफा म्हणजे पंथाचे प्रमुख झाले, 1930 च्या दशकात सुरू झालेली मशीद 1963 ला पुरी झाली, आणि तिसरा खलिफा अब्दुल अहद म्बाके (1968 ते 1989) याने लायब्ररीचं मनावर घेतलं. बांबाचं लिखाण शिष्यांच्या घराघरांत विखुरलेलं होतं, ज्याच्याकडे जे होतं ते त्याला जिवापाड, कारण हाताने प्रत करणं हीच तिथे सेवा होती.

म्हणूनच इथे फक्त काचेतले कागद बघून निघालात तर निम्मंच बघितलंत. खसीदा आजही पाठ असतात, रात्री पोरं आपल्या भजनी मंडळासारखी गोल बसून गातात, फक्त टाळ-मृदंग काही नाही, नुसता आवाज. आणि इस्लामी सफर महिन्याच्या 18 तारखेला मगाल नावाचा उत्सव भरतो तेव्हा लाखो लोक येतात, तो दिवस कुठला तर हद्दपारीला निघाल्याचा. शिक्षेच्या दिवसाचा सण केलाय लोकांनी!

अजून एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. अरबी न येणाऱ्यांसाठी ‘मूसा का’ नावाच्या कवीने आणि त्याच्यासारख्या इतरांनी वोलोफ या तिथल्या भाषेत पण अरबी लिपीत लिहिलं, बांबाच्या हद्दपारीची सगळी कथा मूसाने तशीच सांगितली. या लिपीला अजमी म्हणतात. सरकारी हिशेबात फ्रेंच येत नाही तो निरक्षर, त्यामुळे हिशेबाची वही, पत्रं, कविता सगळं अजमीत लिहिणारे लोक अडाणी म्हणून मोजले गेले, आणि स्वातंत्र्यानंतरही ही सवय काही लवकर गेली नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने यातली बरीच हस्तलिखितं अलीकडे स्कॅन झालीत, आणि त्यातली कितीतरी लायब्ररीतली नाहीत, लोकांच्या घरांतली आहेत.