लसीनंतरच्या नोंदी कशा वाचायच्या?

फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम ज्या राज्यांत सर्वांत आधी सुरू झाली, त्यांत गोवाही होता. कर्नाटक आणि तामिळनाडूही त्याच टप्प्यात होते, आणि तिथे व्हॉट्सॲपवर दुष्परिणामांच्या अफवाही पसरल्या. आजही नवी लस आली की 'हा बघा सरकारी आकडा' म्हणत लसीनंतर त्रास झालेल्यांची किंवा दगावलेल्यांची एखादी संख्या फिरते आणि डिचोलीपासून काणकोणपर्यंत पालक धास्तावतात.

संख्या पुष्कळदा खरीच असते. लसीनंतर त्रास झाला की आरोग्य केंद्राने तो कळवायचा असतो, आणि तोही त्रासाचं कारण लस आहे की आणखी काही, हे ठरण्याच्या आधीच. लसीनंतरचे त्रास नोंदवून घेणाऱ्या, अमेरिकेत १९९० पासून चालू असलेल्या 'व्हेअर्स' यंत्रणेत तर कुणीही नोंद करू शकतो.

एक हिशेब करू. गोव्याची लोकसंख्या १५ लाख आणि वर्षाला हजारी ६ मृत्यू असं धरलं, तर रोज साधारण २५ माणसं दगावतात. सगळ्या गोव्याला एकाच दिवशी लस म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तरी पुढच्या आठवड्यात १७० च्या आसपास मृत्यू 'लसीनंतर' होतील. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसे.

२००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात सात मुली दगावल्या. चौकशीत कळलं, की एक पाण्यात बुडाली होती, एकीला साप चावला होता, दोघींनी कीटकनाशक प्यायलं होतं. संमती घेताना गंभीर हयगय झाली होती आणि त्यावरची टीका रास्तच होती. पण अशा जीव वाचवणाऱ्या लसीवर त्या सात मृत्यूंचा ठपका अजून ठेवला जातो, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून नोंदी बिनकामाच्या असतात असं मुळीच नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेल्या, बाळांच्या जुलाबांवरच्या 'रोटाशील्ड' लसीनंतर काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकल्याच्या नोंदी झाल्या, त्याही जेमतेम १५. लस घेतलेली आणि न घेतलेली बाळं ताडून पाहिली तेव्हा धोका खरा निघाला, आणि १९९९ मध्येच लस मागे घेतली गेली.

तेव्हा आकडा आला की विचारा: एकूण डोस किती दिले? लस न देता तेवढ्याच दिवसांत असे किती प्रकार घडले असते? आणि तुमच्या बाळाला खरंच त्रास झाला, तर लसीचं कार्ड घेऊन आधी आरोग्य केंद्रात जा, नर्सबाईंना सांगा. ग्रुपवर लिहिलेलं तपासणाऱ्यांपर्यंत पोचत नाही.