कोलारची खाण आणि तिच्या आधीच्या खाणी

जून 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने केंद्राचा एक प्रस्ताव मान्य केला आणि कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे केजीएफ, पुन्हा बातम्यांत आलं. प्रस्ताव खाणीबाहेर साठलेल्या ढिगाऱ्यांतून सोनं काढण्याचा होता. सोनं काढून झाल्यावर उरलेली दगडाची भुकटी शंभर वर्षांहून अधिक काळ गावाभोवती ओतली गेली, तिचे 13 ढीग आहेत. ते सुमारे एक हजार एकरांवर पसरलेत आणि त्यांत अंदाजे 3 कोटी 30 लाख टन माल आहे. टनामागे सोनं एक ग्रॅमही भरत नाही, तरी इतक्या मालाचा हिशेब केला की आकडा मोठा होतो. सराफाच्या दुकानापुढची धूळ धुऊन झारेकरी सोन्याचे कण काढतो, त्याच जातीचं हे काम, फक्त यंत्रांनी करायचं.

सिनेमामुळे ज्यांना हे नाव ठाऊक झालं त्यांना ही बातमी जरा मिळमिळीत वाटेल. पण कोलारचा इतिहास नीट पाहिला तर त्यात बंदुकांपेक्षा पंप, दोर आणि जमाखर्चाच्या वह्या जास्त सापडतात. आणि दर वेळी एक गोष्ट दिसते: इथली खाण सोनं संपलं म्हणून कधी बंद पडली नाही. खाली असलेलं सोनं वर आणायला जो खर्च येतो, तो परवडेनासा झाला की माणसं निघून गेली. भाव, यंत्रं किंवा मालक बदलले की नवी माणसं आली, आणि त्यांनी काम सुरू केलं ते बहुतेक वेळा जुन्यांच्या खड्ड्यांतच.

या प्रदेशात सोनं किती जुनं आहे याचा अंदाज कोलारपेक्षा रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीत चांगला येतो. तिथल्या जुन्या खोदकामात सापडलेल्या लाकडाचं वय सुमारे दोन हजार वर्षं निघालं, आणि ते खोदकाम सुमारे 600 फूट खोल गेलेलं होतं. सुरुंगाची दारू नसताना हे कसं केलं? दगडाला लागून लाकडं रचून पेटवायची, दगड तापून लाल झाला की पाणी ओतायचं, तडे गेले की लोखंडी छिन्नीने उचकायचं. धुराने भरलेल्या त्या भोकात कोण उतरत असेल आणि किती जण परत वर येत असतील, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

हट्टीजवळच मस्की आहे. 1915 मध्ये निजामाच्या नोकरीतल्या सी. बीडन नावाच्या सोनेखाण अभियंत्याला तिथे खडकावर कोरलेला लेख दिसला. अशोकाचे शिलालेख तोवर पुष्कळ मिळाले होते, पण त्यांत राजा स्वतःला ‘देवानांपिय पियदसि’ म्हणवतो. मस्कीच्या लेखात ‘अशोक’ हे नाव स्पष्ट आलं आणि पियदसि म्हणजे कोण हा वाद मिटला. सोनं शोधणाऱ्याला इतिहास सापडला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. मौर्यांचे लेख दक्षिणेत जिथे मिळतात त्यांतली कितीतरी ठिकाणं सोन्याच्या पट्ट्यांना लागून आहेत. ब्रह्मगिरीच्या लेखात तर ‘सुवर्णगिरी’ इथून निघालेली आज्ञा अशी नोंद आहे.

आता कोलार. 1799 मध्ये टिपू पडला, मैसूरच्या सीमा नव्याने आखायच्या होत्या, आणि पूर्वेकडच्या सीमेच्या मोजणीवर लेफ्टनंट जॉन वॉरन हा अधिकारी होता. 1802 मध्ये त्याच्या कानावर आलं की या मातीत सोनं मिळतं. त्याने बक्षीस लावलं. उरिगाम गावचे लोक माती घेऊन आले आणि त्याच्यासमोर धुऊन दाखवली. मारिकुप्पमजवळ लोक अरुंद खड्ड्यांत उतरून दगड फोडत होते, बायका तो कुटून धूत होत्या. वॉरनच्या हिशेबाने सुमारे 56 किलो मातीतून एक ग्रेन सोनं निघत होतं. ग्रेन म्हणजे 65 मिलिग्रॅम. आजच्या भाषेत टनाला एक ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वॉरनचा अहवाल दप्तरात गेला. नंतर थोडीफार चाचपणी झाली, पण कुणाचं फारसं काही जमलं नाही. मग मायकेल फिट्झजेराल्ड लॅव्हेल आला. आयरिश सैनिक, न्यूझीलंडच्या माओरी युद्धातून परतून बंगळुरात राहिलेला. न्यूझीलंडमध्ये त्याने सोन्याची धुंदी जवळून पाहिली असणार. वॉरनचं जुनं लिखाण त्याच्या हाती पडलं आणि 1871 मध्ये तो बैलगाडीने साठेक मैल कोलारला गेला. दोन वर्षांनी त्याने मैसूर सरकारकडे परवानगी मागितली, 1875 मध्ये वीस वर्षांचा पट्टा मिळाला. पट्टा हातात होता, पैसा नव्हता. लवकरच हक्क दुसऱ्यांकडे गेले. बेरेसफर्ड नावाचा लष्करी अधिकारी आणि त्याचे सोबती यांची मंडळी पुढे आली, आणि लॅव्हेलचं नाव आज मुख्यतः बंगळुरातल्या एका महागड्या रस्त्याच्या पाटीवर उरलं आहे.

1880 मध्ये लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली आणि खरी खाण सुरू झाली. खरं तर तीही जवळजवळ बुडाली होती. पहिल्या काही वर्षांत भागधारकांचा पैसा खड्ड्यांत जात राहिला, हाती काही लागेना, शेअर मातीमोल झाले. उरलेली रक्कम वाटून घेऊन घरी जावं असं बऱ्याच जणांचं मत होतं. टेलर कंपनीने ती रक्कम मैसूर माइन या तिथल्याच एका खाणीवर लावायला सगळ्यांना कसंबसं राजी केलं. कॅप्टन प्लमर या खाण-व्यवस्थापकाने जुन्या लोकांच्या खोदकामाखाली आणखी खोल जायचं ठरवलं, आणि 1883 च्या सुमारास त्याला गारगोटीची ती शिरा लागली जिला पुढे चॅम्पियन लोड म्हणू लागले. युरोपियन तज्ज्ञांना जे नकाशांतून सापडलं नाही, ते आधीच्या खाणकऱ्यांनी खोदून दाखवून ठेवलं होतं. पाण्याने आणि दमकोंडीने ते जिथे थांबले, तिथून प्लमर खाली गेला.

(‘कॅप्टन’ म्हणजे इथे फौजेतला नव्हे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये खाणीच्या मुकादमाला कॅप्टन म्हणतात. तिथल्या कथिलाच्या खाणी बसल्या तशी ती माणसं जगभर पांगली आणि आपली भाषा, हुद्दे सोबत घेऊन गेली.)

नंतरची तीस-चाळीस वर्षं भरभराटीची. मैसूर, चॅम्पियन रीफ, उरिगाम, नंदीदुर्ग या खाणी एका रांगेत, आठेक किलोमीटरच्या पट्ट्यात. सुरुवातीच्या दशकात टनामागे 40 ग्रॅमहून जास्त सोनं मिळत होतं. आज जगात कुठेही भूमिगत खाणीला दहा मिळाले तरी मालक खूश होतात. 1887 मध्ये ग्लासगोत सायनाइडने सोनं विरघळवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं. ती इथे आल्यावर आधी वाया जाणारे बारीक कणही हाती येऊ लागले. आजचे ढिगारे वाढले ते याच पद्धतीमुळे, म्हणून गावात त्यांना सायनाइड डंप म्हणतात.

यंत्रांना सरपण आणि कोळसा पुरेना, तेव्हा मैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात कावेरीवर शिवनसमुद्र इथे वीज केंद्र उभारायचं ठरलं. 30 जून 1902 ला 147 किलोमीटर लांबीच्या तारांवरून वीज कोलारच्या खाणींत पोचली. एवढ्या अंतरावर वीज नेणं तेव्हा जगातही विरळा होतं. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी. संस्थानाने पायाभूत सोय उभारली, वीज आधी खाणीला दिली, आणि त्या बदल्यात रॉयल्टी घेतली. सोन्याचा मोठा वाटा मात्र लंडनच्या भागधारकांचा होता.

खाली उतरणारे बहुतेक तामीळ होते, उत्तर अर्काट आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून आलेले, त्यांतले बरेच दलित. शेतमजुरीपेक्षा रोख पैसा बरा, आणि गावातल्या उतरंडीपासून थोडी सुटका, या दोन गोष्टींसाठी ते आले. ऐन भरात खाणींवर तीस हजारांच्या आसपास माणसं होती. साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फ मैदान एका बाजूला, आणि तट्ट्याच्या व पत्र्याच्या चाळी दुसऱ्या बाजूला. ‘लिटल इंग्लंड’ हे टोपणनाव आजही कौतुकाने घेतलं जातं, पण ते गावाच्या एकाच बाजूला लागू होतं. दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होण्याचा आजार, सिलिकोसिस, दुसऱ्या बाजूच्या घरांत होता.

जसजशी शिरा खाली जाते तसतशी माणसं खाली जातात, आणि इथे शिरा थांबतच नव्हती. चॅम्पियन रीफमध्ये काम 3 किलोमीटरच्याही खाली गेलं. त्या खोलीवर दगडाचं तापमान 60 अंशांच्या वर असतं. बाहेर यंत्रांनी थंड केलेली हवा खाली ढकलावी लागे. उष्णतेपेक्षा वाईट म्हणजे खडकाचा दाब. इतक्या खोल पोकळी केली की भोवतालचा खडक एखाद्या क्षणी सुरुंगासारखा फुटतो, सूचना न देता. इंग्रजीत याला रॉकबर्स्ट म्हणतात, आणि या विषयाचा अभ्यास कोलारइतका जगात थोड्याच ठिकाणी झाला आहे. 1988 मध्ये राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था केजीएफमध्येच निघाली.

त्या खोलीचा एक फायदा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने करून घेतला. वर इतका दगड असला की अंतराळातून येणारे बाकीचे कण गाळले जातात आणि न्यूट्रिनो या दगडातूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची चाहूल लागू शकते. ओसाका आणि डरहॅम इथल्या शास्त्रज्ञांसोबत त्यांनी सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर उपकरणं बसवली आणि 1965 मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक इथे झाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या एका सोन्याच्या खाणीतही तीच नोंद झाली. दोन्हीकडे भौतिकशास्त्राने सोन्याच्या खर्चावर खोली फुकट मिळवली.

खोली खाणीला मात्र फुकट नव्हती. जितकं खाली तितका दोर लांब, पंप मोठे, थंडाव्याचा खर्च जास्त, आणि शिफ्टमधला बराच वेळ ये-जा करण्यात. त्यात टनामागे मिळणारं सोनं घटत शेवटी तीनेक ग्रॅमवर आलं. 1956 मध्ये मैसूर राज्याने खाणी ताब्यात घेतल्या, 1962 मध्ये त्या केंद्राकडे गेल्या, 1972 मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही कंपनी झाली. म्हणजे पाऊणशे वर्षांतली मलई निघून गेल्यावर सरकारच्या हाती खोल, तापलेली, फुटणारी खाण आली. त्यातही इथलं सोनं बराच काळ सरकार आंतरराष्ट्रीय अधिकृत भावाने घेई, आणि त्याच सोन्याला देशी बाजारात कितीतरी जास्त भाव होता. तोट्यातली कंपनी म्हणून तिच्याकडे बोट दाखवताना हा तपशील सहसा वगळला जातो.

28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली. सुमारे 120 वर्षांत इथून 800 टनांच्या आसपास सोनं निघालं होतं. त्या वेळी जागतिक बाजारात सोन्याचा औंस 270 डॉलरच्या आगेमागे होता, वीस वर्षांतल्या तळाला. 2020 मध्ये तोच औंस 2000 डॉलरच्या वर गेला. याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता, पण 2001 मध्ये हे कुणाला दिसणार होतं?

पंप थांबले तसं पाणी चढलं. पुन्हा सुरू करण्याची चर्चा मात्र लगेच सुरू झाली आणि कोर्टात अडकली: कामगारांच्या संस्थांना द्यायची, की जागतिक निविदा काढायची. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निविदेचा मार्ग मोकळा केला. दोन वर्षांनी खाणकायदा बदलून लिलावाची पद्धत आली आणि सगळा घोळ नव्याने घालावा लागला.

बंद खाण पुन्हा उघडता येते याचं उदाहरण दूर नाही. हट्टी ब्रिटिश कंपनीच्या काळात 1920 च्या सुमारास बंद पडली होती. पुढे हैदराबाद संस्थानाने तिला पुन्हा हात घातला. आज ती कर्नाटक सरकारची आहे आणि देशात भूगर्भातून निघणाऱ्या सोन्यातला सर्वांत मोठा वाटा तिचाच आहे. फरक एवढाच की हट्टी कोलारइतकी खोल आणि खोदून पोखरलेली नव्हती.

कोलारमध्ये खाली काय उरलं आहे, याचं उत्तर नुसत्या खोलीत शोधणं चुकीचं ठरेल. चॅम्पियन लोडमध्ये गारगोटीत मोकळं सोनं होतं, म्हणून जुन्या कंपन्या तिच्याच मागे धावल्या. तिच्या पश्चिमेला सल्फाइड खनिजांत अडकलेल्या सोन्याच्या शिरा आहेत, त्यांतली मॅकटॅगर्ट शिरा विशेष परिचित. त्यांतून सोनं सोडवणं किचकट, म्हणून त्यांच्याकडे लक्ष उशिरा आणि कमी गेलं. पट्ट्याचं दक्षिण टोक आंध्रात चिगरगुंटापर्यंत जातं. नव्याने शोध घ्यायचा तर या बाजूच्या शिरा आणि कमी खोलीचे भाग जास्त शहाणपणाचे. 3 किलोमीटर खाली पाणी उपसून, शंभराहून जास्त वर्षांच्या अर्धवट नकाशांवर भरवसा ठेवून उतरण्यात धाडस आहे, हिशेब नाही.

म्हणून ढिगारे आधी आले. ते जमिनीवर आहेत, दगड आधीच दळलेला आहे, त्यात काय आहे ते मोजता येतं. आणि टनाला मिळणारं सोनं वॉरनसमोर उरिगामच्या लोकांनी धुऊन काढलेल्या मातीपेक्षाही थोडं कमीच. वाऱ्याच्या दिवसांत त्या ढिगाऱ्यांची पांढरी धूळ घराघरांत शिरते, त्यामुळे ते हलले तर रॉबर्टसनपेटच्या, म्हणजे खाणीलगतच्या वस्तीतल्या, लोकांना सोन्याआधी मोकळ्या हवेचा फायदा होईल. धुऊन उरलेली भुकटी परत कुठे टाकणार, यावर ते अवलंबून. 2024 च्या मंजुरीत ढिगाऱ्यांचा विषय आहे. खाणीच्या शाफ्टमध्ये, म्हणजे उभ्या विहिरींत, साठलेल्या पाण्याचा नाही.