बेस टॅग (एचटीएमएल)

वेबपानातील सगळ्या अपुऱ्या पत्त्यांसाठी मूळ पत्ता आणि दुवे कुठे उघडायचे ती जागा एकदाच ठरवून देणारा, एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील टॅग (खूण). तो पानाच्या हेड भागात लिहितात. एचरेफ (मूळ पत्ता) आणि टार्गेट (दुवे उघडायची जागा) हे त्याचे दोन गुणधर्म. त्यांपैकी एक तरी द्यावाच लागतो. पानात दोन बेस आले, तर ब्राउझर पहिला एचरेफ आणि पहिले टार्गेट धरतो.

समजा, विदर्भातील बाजारपेठांच्या एका साइटवर ‘नागपूर’ या फोल्डरमध्ये ‘बर्डी’, ‘महाल’, ‘इतवारी’ अशी पाने आहेत. बेसमध्ये ‘/नागपूर/’ दिले, की दुव्यात नुसते ‘इतवारी’ लिहिले तरी तो ‘/नागपूर/इतवारी’ला पोचतो. शेवटची तिरकी रेघ राहिली, की मात्र घोळ होतो. तिच्याअभावी ब्राउझर ‘नागपूर’ हे फाइलचे नाव समजून गाळतो, ‘/इतवारी’ शोधायला जातो आणि हाती ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’ हा संदेश, येतो. फोटो, स्टाइलशीट, फॉर्म यांचे पत्तेही याच हिशेबाने लागतात. म्हणून बेस त्या ओळींच्या आधी हवा. एचटीटीपीएसपासून लिहिलेल्या पूर्ण पत्त्यांना तो हात लावत नाही.

खरी फसगत हॅशच्या दुव्यांची होते. ‘बर्डी’च्या पानावर वरून खाली नेणारा ‘#दुकाने’ हा दुवाही बेसलाच जोडला जातो. वाचक खाली सरकण्याऐवजी थेट ‘/नागपूर/#दुकाने’वर, म्हणजे दुसऱ्याच पानावर जातो. त्यावर उपाय एकच, हॅशच्या आधी पानाचे नाव लिहिणे: ‘बर्डी#दुकाने’. अनुक्रमणिका असलेल्या लांब पानांत बेस न वापरलेलाच बरा.

एचरेफ १९९५च्या एचटीएमएल २.०मध्येच होता; टार्गेट १९९७च्या एचटीएमएल ४.०मध्ये, फ्रेम्सबरोबर (खिडकीचे भाग करून प्रत्येकात वेगळे पान दाखवायची सोय), अधिकृत झाले. डावीकडच्या फ्रेममधील मेनूचा प्रत्येक दुवा उजवीकडे उघडायचा, तर ते एका ओळीत साधे. फ्रेम्स गेल्या, गुणधर्म उरला. आता त्यात ‘_ब्लँक’ घालून साइटचा दुवा न् दुवा नव्या टॅबमध्ये उघडणारे भेटतात. वाचकाला त्याचा वैतागच होतो. एखाद्या दुव्याला स्वतःचे टार्गेट दिले असेल, तर बेसचे चालत नाही.

अँग्युलर या वेब-अ‍ॅप बांधायच्या चौकटीत बांधलेल्या साइटच्या मुख्य फाइलमध्ये बेस हमखास दिसतो, कारण तिचा राउटर (पत्त्यानुसार पान दाखवणारा भाग) मूळ पत्ता तिथूनच घेतो. हल्लेखोराला पानात बेस घुसवता आला, तर अपुऱ्या पत्त्यांच्या स्क्रिप्ट त्याच्या सर्व्हरवरून येऊ शकतात. ते रोखण्यासाठी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीमध्ये (पानात काय कुठून येऊ द्यावे हे ब्राउझरला सांगणारी नियमावली) ‘बेस-यूआरआय’ हा नियम आहे.