जपानी प्रतिकृती गिटारी (इलेक्ट्रिक)

गिब्सन आणि फेंडर या अमेरिकी कंपन्यांच्या गाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारींच्या धर्तीवर जपानमध्ये साधारणपणे १९६९ ते १९८५ या काळात तयार झालेली वाद्ये. मुख्य नमुने तीन : फेंडरची टेलिकास्टर (१९५१) व स्ट्रॅटोकास्टर (१९५४) आणि गिब्सनची लेस पॉल (१९५२). यांच्या जोडीने गिब्सनच्या एसजी, फ्लाइंग व्ही, एक्सप्लोरर आणि अर्धपोकळ ईएस-३३५ यांच्याही प्रती निघाल्या. ग्रेको, आयबानेझ, तोकाई, बर्नी, फर्नांडिस आणि आरिया ही या संदर्भातील प्रमुख नावे. संग्राहकांत या सर्वांना सरसकट ‘लॉसूट गिटार’ (लॉसूट म्हणजे खटला) म्हणण्याची प्रथा आहे. ती ऐतिहासिकदृष्ट्या टिकणारी नाही.

उगम : १९६० च्या दशकात तेइस्को, गुयाटोन इ. जपानी कंपन्या इलेक्ट्रिक गिटारी बनवीत होत्याच. १९६५ मधील व्हेंचर्स या अमेरिकी वाद्यवृंदाच्या जपान दौऱ्यानंतर मागणी एकाएकी वाढली. मात्र त्या काळातील जपानी गिटारींवर परदेशी छाप असली, तरी त्यांना नेमक्या अर्थाने प्रती म्हणता येत नाही. आकार, पिकअपांची (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागांची) मांडणी आणि बटणांची संख्या यांत निर्मात्यांची स्वतःची कल्पकता दिसते. दशकाच्या अखेरीस ही लाट ओसरली आणि अनेक कारखाने अडचणीत आले.

याच सुमारास लेस पॉलचे महत्त्व वाढत होते. गिब्सनने १९६०-६१ च्या सुमारास तिचा मूळ आकार बंद केला होता; पण ब्रिटिश ब्लूज-रॉक वादकांनी जुन्या लेस पॉल पुन्हा प्रकाशात आणल्या आणि १९६८ मध्ये कंपनीला तो आकार परत आणावा लागला. जपानमध्ये अस्सल अमेरिकी गिटार दुर्मिळ आणि अतिशय महाग होती. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा स्थिर विनिमयदर असल्याने आयात सामान्य तरुणाच्या आवाक्यापलीकडची होती, तर निर्यात तितकीच किफायतशीर.

लेस पॉलची पहिली जपानी प्रत कोणाची, याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार आरियाचे संस्थापक शिरो अराई यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापार प्रदर्शनात गिब्सनचे पुनरुज्जीवित मॉडेल पाहिले आणि मायदेशी परतल्यावर नेक (गिटारीची मान) स्क्रूने जोडलेली प्रत बनवून घेतली. दुसरे मत हे श्रेय कांदा शोकाई या व्यापारी कंपनीच्या ग्रेको या ब्रँडला देते. अराई यांची हकिगत अधिक तपशीलवार असून सालवारीशीही जुळते, त्यामुळे तिला झुकते माप द्यावेसे वाटते. तथापि ग्रेकोच्या आरंभीच्या लेस पॉल-प्रती याच सुमाराच्या असल्याने, प्रतींचे युग १९६९ ते १९७१ च्या दरम्यान एकाहून अधिक ठिकाणी सुरू झाले, असे म्हणणे सुरक्षित ठरेल.

कारखाने आणि ब्रँड : हेडस्टॉकवरचे (नेकच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागावरचे) नाव बहुधा व्यापाऱ्याचे असते, निर्मात्याचे नव्हे. फुजिगेन गाक्की हा कारखाना १९६० मध्ये नागानो प्रांतातील मात्सुमोटो येथे स्थापन झाला. ग्रेको आणि आयबानेझ या दोन्ही ब्रँडच्या गिटारी तेथे बनत. ग्रेको मुख्यतः देशी बाजारासाठी होती, तर आयबानेझ ही नागोयाच्या होशिनो गाक्कीची निर्यातीची बाजू. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या मध्यातील ग्रेको व आयबानेझ लेस पॉल-प्रती शेजारी ठेवल्यास त्या एकाच घरच्या आहेत हे लगेच कळते. मात्सुमोटोचाच दुसरा कारखाना मात्सुमोकू. त्याने आरियासाठी, आणि १९७० च्या सुमारापासून गिब्सनच्याच एपिफोन या ब्रँडसाठीही, गिटारी बनवल्या. तो १९८७ मध्ये बंद पडला. हामामात्सूची तोकाई गाक्की (स्थापना १९४७) मात्र स्वतःच्या कारखान्यात स्वतःच्या नावाने गिटारी बनवीत असे. हार्मोनिका आणि मेलोडिकासारख्या वाद्यांपासून सुरुवात केलेल्या या कंपनीने स्ट्रॅटोकास्टरच्या प्रतिकृतीत इतरांना मागे टाकावे, ही या इतिहासातली विशेष कौतुकाची गोष्ट आहे.

तथाकथित खटला : २८ जून १९७७ रोजी गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने एल्गर कंपनीविरुद्ध फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. एल्गर ही पेनसिल्व्हेनियातील कंपनी होशिनोच्या वतीने अमेरिकेत आयबानेझचे वितरण करीत असे. आक्षेप बॉडीच्या आकारावर किंवा ‘नकले’वर नव्हता. तो हेडस्टॉकच्या वरच्या कडेच्या रूपरेषेवर होता : दोन बाजूंना उंचवटे आणि मध्ये खोलगट भाग, म्हणजे उघड्या पुस्तकाची कड. ही रूपरेषा आपले व्यापारचिन्ह असल्याचे गिब्सनचे म्हणणे होते.

येथे कालक्रम नीट पाहिला पाहिजे. आयबानेझने दाव्याच्या आधीच, १९७६ च्या सुमारास, आपल्या गिटारींच्या हेडस्टॉकचा आकार बदलला होता. म्हणजे ज्या आकाराबद्दल तक्रार झाली, तो दाव्याच्या दिवशी नव्या मालावर बव्हंशी नव्हताच. १९७८ च्या आरंभी प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. निकाल लागला नाही, त्यामुळे कोणतेही न्यायतत्त्वही प्रस्थापित झाले नाही. ग्रेको, तोकाई, बर्नी किंवा फर्नांडिस यांपैकी कोणीही या दाव्यात पक्षकार नव्हते. उलट जपानी बाजारासाठीच्या ग्रेको आणि बर्नी गिटारींवर गिब्सनच्या धर्तीचा हेडस्टॉक त्यानंतरही अनेक वर्षे राहिला. तोकाईची लेस पॉल-प्रत तर मुळात साधारण १९७८ पासूनची, म्हणजे प्रकरण मिटल्यानंतरची.

‘लॉसूट’ हे बिरुद काटेकोरपणे वापरायचेच, तर ते १९७६ पूर्वीच्या, जुन्या हेडस्टॉकच्या आयबानेझ गिटारींपुरते मर्यादित ठेवावे लागेल. विक्रेते ते कोणत्याही जुन्या जपानी गिटारीला लावतात आणि त्यापोटी जादा किंमत मागतात, हे खरेदीदाराच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. बॉडीच्या आकाराचा प्रश्न अमेरिकी न्यायव्यवस्थेसमोर ठळकपणे आला तो बऱ्याच नंतर. २००५ मध्ये सहाव्या सर्किटच्या (संघीय न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने पॉल रीड स्मिथ कंपनीविरुद्धच्या प्रकरणात गिब्सनच्या बाजूचा आधीचा निर्णय फिरवला. २००९ मध्ये ट्रेडमार्क मंडळाने स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेस यांच्या बॉडीचे आकार व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याची फेंडरची मागणी फेटाळली.

तुलनेचे निकष : तोकाई चांगली की ग्रेको, हा प्रश्न नेहमी विचारला जातो, पण त्याच्या उत्तराने फारसे काही हाती लागत नाही. एकाच ब्रँडच्या स्वस्त व महाग गिटारीत जेवढा फरक असतो, तेवढा समान किमतीच्या दोन ब्रँडांत सहसा नसतो. म्हणून आधी मॉडेल क्रमांक वाचावा. त्या काळच्या जपानी पद्धतीनुसार क्रमांकातील अंक बहुधा हजार येनमधील मूळ किंमत सांगतो : तोकाई एलएस-८० म्हणजे ८०,००० येनची, एसटी-५० म्हणजे ५०,००० येनची. वर्ष आणि किंमत कळली की लाकूड, रंगलेप व पिकअप यांचा अंदाज बांधता येतो.

१९७० च्या दशकाच्या पहिल्या भागातील लेस पॉल-प्रती बाह्यरूपात मूळ गिटारीसारख्या असल्या तरी आतून वेगळ्या होत्या. नेक स्क्रूने जोडलेली असे. बॉडी अनेकदा थरांची, आणि दाबून बाक दिलेल्या वरच्या थराखाली पोकळी असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोंदाने बसवलेली नेक, भरीव महोगनी आणि कोरलेला मेपलचा वरचा भाग येऊ लागला. १९७९ च्या सुमारास सुरू झालेली ग्रेकोची ‘सुपर रिअल’ मालिका हा या वाटचालीतला सर्वांत मोठा टप्पा, असे अनेक संग्राहक मानतात आणि ते योग्य वाटते.

नेकचा सांधा हा लेस पॉलच्या बाबतीत सर्वांत चर्चिला गेलेला तपशील. १९५० च्या दशकात गिब्सन नेकच्या टोकाला लांब कुसू ठेवत असे, ते बॉडीतील खाचेत बसून पुढे नेकलगतच्या पिकअपच्या खोबणीपर्यंत पोहोचे. १९६९ नंतर हे कुसू आखूड होत गेले. ‘सुपर रिअल’मध्ये लांब कुसू परत आले. याची खातरजमा करणे अवघड नाही : तारा उतरवाव्यात, नेकलगतच्या पिकअपच्या चौकटीचे चार स्क्रू काढावेत आणि पिकअप हळूच बाजूला करावा. खोबणीच्या तळाशी नेकच्या लाकडाचे टोक दिसत असेल, तर कुसू लांब. खोबणीची ती भिंत नुसतीच सपाट असेल, तर आखूड. त्याच वेळी पिकअपची पाठही पाहून घ्यावी, कारण मात्सुमोटोच्या निश्शिन ओनपा (मॅक्सन) कंपनीच्या पिकअपांवरील शिक्के कालनिश्चितीला उपयोगी पडतात. तोकाईत कुसूची लांबी साल आणि दर्जा यांप्रमाणे बदलते. लांब कुसूमुळे नादकाल वाढतो हा दावा मात्र जपून स्वीकारावा. घट्ट बसलेला आखूड सांधा सैल लांब सांध्यापेक्षा केव्हाही बरा.

येथे मूळ गिटारींची तत्कालीन अवस्थाही ध्यानात घ्यावी लागते. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. त्यानंतर स्ट्रॅटोकास्टरचा हेडस्टॉक मोठा झाला, १९७१ मध्ये नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर आली आणि ट्रेमोलोचा (दांडीने तारांचा ताण बदलणाऱ्या पुलाचा) पोलादी ठोकळा जाऊन ओतीव मिश्रधातूचा आला. गिब्सननेही नॉर्लिनच्या काळात थरांची बॉडी, तीन तुकड्यांची नेक आणि हेडस्टॉकच्या मागे उंचवटा असे बदल केले. जपानी निर्मात्यांनी समकालीन मालाऐवजी १९५७ ते १९६२ च्या नमुन्यांकडे पाहिले. तोकाईची ‘स्प्रिंगी साउंड’ (स्ट्रॅटोकास्टर) आणि ‘ब्रीझी साउंड’ (टेलिकास्टर) या मालिका, तसेच फर्नांडिसची ‘द रिव्हायव्हल’ त्याचीच फळे. मूळ कंपन्यांनी सोडून दिलेले गुण जपण्याचे काम काही वर्षे जपानी कारागिरांनी केले, हे निःसंकोचपणे नोंदवायला हवे.

लाकडात फरक उरतोच. स्ट्रॅटोकास्टर-प्रतींसाठी अमेरिकी ॲशच्या जागी सेन हे जपानी लाकूड पुष्कळ वापरले गेले. त्याच्या शिरा ॲशसारख्या दिसतात, त्यामुळे विक्रीच्या जाहिरातीत दोहोंची गल्लत होते. महागड्या गिटारींवर पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकर असतो आणि कालांतराने त्याला बारीक तडे जातात. स्वस्त गिटारींवरचा जाड पॉलिएस्टर तडकत नाही, तर आपटल्यावर टवका उडतो. सुटे भाग मेट्रिक मापाचे असतात. इंची मापाचे अमेरिकी पूल (बॉडीवरचा तारांचा आधार) किंवा पोटेन्शिओमीटर (आवाजाच्या बटणाखालचा भाग) बसवताना भोके जुळत नाहीत. अनेक जपानी ट्रेमोलो पुलांवर तारांमधील अंतरही कमी असते. म्हणून मूळ भाग काढल्यास फेकू नयेत.

आयबानेझच्या १९७५-७६ च्या मालिकेचा उल्लेख वेगळा करायला हवा. गिब्सनने १९५८ मध्ये कोरिना या आफ्रिकी लाकडात केलेल्या एक्सप्लोररची प्रत आयबानेझने ‘डिस्ट्रॉयर’ नावाने सेन लाकडात काढली. गिटारवादक एडी व्हॅन हेलेन यांनी आपल्या व्हॅन हेलेन या रॉक वाद्यवृंदाच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमसाठी ही गिटारही वापरली. याच मालिकेतील ‘फ्युचुरा’ तर गिब्सनच्या ‘मॉडर्न’ या रचनेवर आधारलेली. मॉडर्नचे पेटंट-चित्र १९५० च्या दशकातले, पण त्या काळात तयार झालेली निर्विवाद अस्सल मॉडर्न पुढे आलेली नाही. गिब्सनने ती बाजारात आणली १९८२ मध्ये. म्हणजे दुकानात प्रत आधी आली आणि मूळ गिटार नंतर.

फेंडर जपान आणि पुढे : १९८१ मध्ये सीबीएसने यामाहाच्या अमेरिकी शाखेतून विल्यम शुल्त्झ, डॅन स्मिथ इ. मंडळी फेंडरमध्ये आणली. प्रतींशी न्यायालयात झुंजण्याऐवजी जपानमध्येच अधिकृत उत्पादन करावे, असे ठरले. मार्च १९८२ मध्ये कांदा शोकाई व यामानो गाक्की यांच्यासह फेंडर जपानची स्थापना झाली आणि उत्पादन फुजिगेनकडे गेले. कांदा शोकाई भागीदार झाल्यामुळे ग्रेकोच्या फेंडर-प्रती बंद झाल्या. १९८२ ते १९८४ च्या, ‘जेव्ही’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या अनुक्रमांकाच्या फेंडर व स्क्वायर (फेंडरचाच दुसरा ब्रँड) गिटारी या त्याच कारखान्याच्या, पण परवानाधारक. सुरुवातीच्या निर्यात मालावर फेंडरचे नाव मोठे आणि ‘स्क्वायर सिरीज’ लहान अक्षरांत आहे. पुढे स्क्वायर हे नाव मोठे झाले. तुलनेत यांना तोकाईच्या समकालीन गिटारींच्या बरोबरीने ठेवावे.

सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर (डॉलरचे मूल्य उतरवण्यासाठी प्रमुख देशांनी केलेला करार) येन वधारला आणि स्वस्त गिटारींचे उत्पादन हळूहळू कोरियाकडे सरकले. गिब्सनने १९८८ मध्ये यामानोमार्फत ‘ऑरव्हिल’ हा परवानाधारक ब्रँड जपानी बाजारात आणला; त्यातील ‘ऑरव्हिल बाय गिब्सन’ या वरच्या श्रेणीत अमेरिकी पिकअप असत. फुजिगेन आणि तेरादा या कारखान्यांत बनलेल्या या गिटारी १९९८ पर्यंत निघत होत्या.